तुले काय करा लागते?

विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते याचा गोंदियाच्या माणसाला जेवढा अभिमान आहे, तेवढा इथल्या राईस मिलांचाही नसेल. गाडी आपल्या गावाहून सुटते म्हणजे डबा रिकामा मिळतो, खिडकी मिळते, बॅग सीटखाली आडवी ढकलता येते. पुढे नागपूरला लोक लोटालोटी करत आत शिरतात, तेव्हा आपला माणूस चपला काढून, मांडी घालून, चिवड्याचा डबा अर्धा संपवून बसलेला असतो. 'या, या, बसा ना,' असं तो नागपूरकराला त्याच्याच आरक्षित जागेवर बसायला सांगतो, आणि त्या सांगण्यात मालगुजाराची कृपा असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मुंबईत पोचते. दादरला घ्यायला आलेला पाहुणा विचारतो, 'गोंदिया म्हणजे छत्तीसगढमध्ये ना?' आणि रात्रीचा मालगुजार सकाळी कूळ होतो. मधल्या काळात त्याचं काहीच कमी झालेलं नसतं. बॅग तीच, थोडा चिवडासुद्धा उरलेला. बदलला तो फक्त शेजारी.

जिल्ह्याचंही तेच. १ मे १९९९ ला आम्ही भंडाऱ्यापासून वेगळे झालो. वेगळे निघालेले भाऊ पुढची कित्येक वर्षं आपल्या घरात कमी आणि दुसऱ्याच्या अंगणात जास्त बघतात, तसं आमचं चाललेलं असतं. त्यांच्याकडे तलाव किती, आमच्याकडे किती. त्यांचा रस्ता कसा, आमचा कसा. एका बाबतीत मात्र आम्ही कोणाला जवळ येऊ देत नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी, आणि महाराष्ट्रात तो पाहायचा तर बहुतेक करून गोंदियाकडेच यावं लागतं. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगितलं आहे: ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी त्यांचं भागतं, मग तुम्ही कशाला चिंता करता? (सारस पेरत नाही हे खरं, पण तो दुसऱ्याने रोवलेल्या बांधीत घरटं करतो, ही तक्रार आमच्याकडचे शेतकरी नोंदवून ठेवतात.) तर प्रभूची ही आज्ञा महाराष्ट्रात आमच्याइतकी कोणी पाळत नसेल. आम्ही पाखरांकडे बघतो. बघून झालं की ती मोजतो. आणि मोजून झालं की विचारतो, शेजारच्या बालाघाटकडे किती भरले?

२०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात तेरा लाख बावीस हजारांवर माणसं निघाली. आम्ही ख्रिस्ती त्यात दशांशचिन्हाच्या उजव्या बाजूला राहतो. त्यातले बरेच रेल्वेबरोबर आलेले: कोणाचे आजोबा तमिळ फिटर, कोणाचे तेलुगू गँगमन, कोणी छत्तीसगढी, कोणी मल्याळी नर्सबाईंच्या पोटचे, आणि आमच्यासारखे थोडे घरात मराठी बोलणारे. रविवारी एक गीत मराठीत होतं, दुसरं हिंदीत, आणि प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणताना सगळ्यांचं एकमत होतं. इतक्या थोड्या माणसांत कोण कोणाशी तुलना करणार, असं बाहेरच्याला वाटतं. उलट आहे. लाख माणसांत आपला नंबर सापडत नाही, म्हणून माणूस शोधायचं सोडून देतो. साठ माणसांत नंबर बरोब्बर कळतो.

नाताळचा तारा घ्या. आमच्या लहानपणी बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि आत साठचा बल्ब एवढ्यावर बेथलेहेमचं काम भागत असे. मग एका वर्षी कोणीतरी नागपूरहून प्लास्टिकचा, आत दिवे फिरणारा तारा आणला. पुढच्या वर्षी तीन घरांवर फिरणारे तारे. त्याच्या पुढच्या वर्षी लोखंडी पट्ट्यांचा, वेल्डिंग केलेला, गच्चीवर चार विटांत रोवलेला तारा आला. तो मालगाडीच्या ड्रायव्हरला लांबून दिसतो असं घरमालक सांगत असे. पूर्वेकडचे मागी एकाच ताऱ्यामागे निघाले म्हणून नीट पोचले. आमच्या गल्लीत आले असते तर तीन मागी तीन घरी गेले असते, आणि सोनं कोणाकडे पडलं नि ऊद कोणाकडे, यावर ईस्टरपर्यंत अबोला चालला असता.

साक्ष देण्याचंही तसंच. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. चांगली गोष्ट आहे. पण पहिल्या भावाने 'मी रोज एक बाटली पीत होतो, प्रभूने सोडवलं' असं सांगितलं की दुसऱ्याला दोन बाटल्यांच्या खाली येता येत नाही. तिसरा मोहाच्या दारूवर जातो. जन्मापासून मंडळीत वाढलेल्यांची यात फार पंचाईत होते. आमच्याकडे सांगण्यासारखं पापच नसतं. लहानपणी संडे स्कूलच्या अर्पणातले आठ आणे बोरांवर खर्च केले, एवढ्या भांडवलावर माणूस उभा कसा राहणार? आमच्या तरुण संघातला एक मुलगा एकदा वैतागून म्हणाला, 'आपल्याले तारण भेटलं, पण स्टोरी नाही भेटली.'

मंडळीबाहेर पाहावं तर नगरवाले आहेत. मराठी ख्रिस्ती लोकांत नगरचा (आता अहिल्यानगरचा) माणूस भेटला की आमची मान आपोआप थोडी खाली जाते. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली तिथेच निघालं, ह्यूम चर्च तिथे. वसईकरांकडे पोर्तुगीजांच्या काळापासूनचा वारसा. पुण्याकडच्यांना केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बाईंनी मूळ भाषांवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. लग्नाच्या बोलणीत समोरचे ही नावं एकेक करून ताटात वाढत जातात आणि आम्ही 'अजून थोडी डाळ घ्या' म्हणत राहतो.

पण आमच्याकडेही एक हुकमाचं पान आहे. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या, आणि त्याने टिळकांच्या हाती नवा करार देऊन भाकीत केलं की हे मनापासून वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आता नागपूर ते राजनांदगाव हा रस्ता कुठून जातो? गोंदियावरून! बंगाल-नागपूर रेल्वेची ती गाडी आमच्या स्टेशनावरून गेली. थांबलीही असेल. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया ज्या डब्यात घातला गेला तो आमच्या फलाटाला घासून गेला, याचा कोणी काय पुरावा मागणार? वाद फक्त एवढाच उरतो की पुस्तक हातात पडलं तेव्हा गाडी नेमकी कुठे होती. तिरोड्याचे लोक म्हणतात तिरोड्याला, आमगाववाले म्हणतात आमगावला, आणि सालेकशाचे एक गृहस्थ दरेकशाच्या जंगलाखाली एक इंच उतरायला तयार नाहीत, कारण असे विचार जंगलातच सुचतात.

गंमत अशी की ज्या माणसावरून आम्ही हे मोजमाप करतो, त्याने बाप्तिस्म्याबरोबर मोजण्यासारखं जवळपास सगळंच घालवलं होतं. जात गेली, गोतावळा गेला, बायको काही वर्षं दुरावली. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे ही तर जगजाहीर गोष्ट. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार' भरवायला गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट मला आणखी नवलाची वाटते. घरात नवरा म्हणून महाराष्ट्रातला नावाजलेला कवी, आणि त्या स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या. त्या काळात अशा बाईने जन्मभर 'मला काय कळतंय' म्हणत कोपऱ्यात बसायचं ठरवलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. पहिला भाग १९३४ ला आला. नवऱ्यासारखं लिहायला गेल्या नाहीत, स्वतःसारखं लिहिलं, आणि नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही जवळपास पुरं करून टाकलं. आज टिळकांची ओळख नव्या वाचकाला बहुधा बायकोच्या पुस्तकातून होते. टिळकांना याचं वाईट वाटलं असतं असं मला वाटत नाही. आमच्या मंडळीतल्या कुठल्याही नवऱ्याला वाटलं असतं.

तुलनेचा खरा बाजार भरतो तो हंगामाच्या सणाला. धान निघालं की कापणीची उपकारस्तुती म्हणून जो तो आपापल्या घरचं, शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतो. नव्या धानाची पोती, कोहळी, लौक्या, वालाच्या शेंगा, केळीचा घड, पाय बांधलेला गावरान कोंबडा (प्रवचनाच्या मध्येच आरवतो, तेव्हा सगळ्यांना पेत्र आठवतो), आणि ज्यांना शेत नाही त्यांच्या घरच्या करंज्या. उपासना झाली की मंडपात लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला. इथे तीस रुपयांचं कोहळं पाचशेला जातं, घेणारा ते तिथेच परत दान करतो, मग ते सातशेला जातं, पुन्हा परत येतं. एक कोहळं दुपारपर्यंत तीन घरांचं मोठेपण वाहून थकून जातं. तिरोड्याच्या वीजकेंद्रात ज्यांचा जावई आहे ते एका बाजूला, ज्यांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे ते दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बोली पुकारणारा तरुण संघाचा सचिव. 'सातशे एक... सातशे दोन... अंकल, पुण्याकडून काही येऊन रायलं का?'

येशूही एकदा मंदिराच्या दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतं ते बघत होता. आमच्या सचिवाइतक्याच बारकाईने. पण त्याची बेरीज वेगळी आली. श्रीमंतांनी खूप टाकलं, एका विधवेने दोन दमड्या टाकल्या, आणि त्याने हिशोब सांगितला की सगळ्यांत जास्त तिचे. कारण त्याने तिच्या दमड्या शेजारच्याच्या रकमेशी ताडल्या नाहीत, तिच्याजवळ काय उरलं त्याच्याशी ताडल्या. पाळकसाहेबांनी यावर प्रवचन दिलं त्या वर्षी लिलाव एकदम पडला. प्रत्येकाला वाटलं, आपण आता विधवेत मोडतो.

या लिलावात मोठीमाय दरवर्षी परसातल्या मिरच्यांचा एक वाटा आणते. मोठीमाय म्हणजे आमच्या मंडळीतली सगळ्यांत वयस्क बाई. ती खरोखर कोणाची मोठी आई आहे हे आता कोणाला आठवत नाही. आयुष्यभर एका शाळेत शिपाईण होती. तिच्याबरोबर लागलेल्या बायकांची पक्की घरं झाली, तिचं कौलारू राहिलं. तिच्या मिरच्या एका ठेकेदाराने एकदा टाळ्या घेण्यासाठी सहाशेला घेतल्या. सगळ्यांना वाटलं म्हातारी भारावेल. ती म्हणाली, 'सहाशेची मिरची खाजो नको बाबू, उतरणार नाही.'

तुलनेच्या रोगावर शास्त्रात औषध आहे हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. पण वाचायला बसलं की औषधाच्या आधी रोगीच रोगी भेटतात. काइनाने हाबेलचं अर्पण बघितलं आणि चौथ्याच अध्यायात खून. लेआ आणि राहेल या बहिणी एकमेकींची मुलं मोजतात. योसेफाचा झगा भावांना सहन होत नाही. शौल राजा लढाई जिंकून परत येतो, बायका नाचत गातात, सगळं छान चाललेलं असतं. त्यांच्या गाण्यात त्याच्या नावावर हजार आणि दावीदाच्या नावावर दहा हजार निघाले, आणि तिथून राजाची झोप गेली ती गेलीच. शिष्यांचं तर विचारूच नका. साक्षात येशूच्या मागून रस्त्याने चालताना ते वाद घालतात की आपल्यात मोठा कोण. जब्दीच्या मुलांची आई येऊन स्वर्गातल्या दोन सीटा मागते, एक उजवीकडे, एक डावीकडे. रेल्वेच्या गावात ही बाई लगेच ओळखीची वाटते. तिने खालचे बर्थ मागितले नाहीत एवढंच. बाकीचे दहा शिष्य त्या दोन भावांवर चिडले. ते तत्त्वासाठी चिडले असं कोणाला वाटत असेल तर त्याने आमच्या स्टेशनावर तत्काळच्या रांगेत एकदा उभं राहून यावं.

आणि योहान! पुनरुत्थानाच्या सकाळी कबर रिकामी आहे हे ऐकून तो आणि पेत्र धावत सुटतात. जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी. ती लिहिताना योहानाच्या शुभवर्तमानात एक तपशील आवर्जून आला आहे: दुसरा शिष्य पेत्रापेक्षा जोरात धावला आणि आधी पोचला. हा दुसरा शिष्य म्हणजे योहान स्वतःच, असं परंपरा मानते. मरणावर विजय झाला ते ठीक, पण शर्यत कोणी जिंकली हेही नोंदलेलं बरं. मला ही ओळ अतिशय आवडते. असल्या लोकांना घेऊन येशूने काम केलं, म्हणजे आमच्या ताऱ्यांचंही काही तरी होईल.

त्या सगळ्यांत आमच्या शेतकऱ्यांना खरोखर अस्वस्थ करते ती येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट. गोंदियात द्राक्षं नाहीत, म्हणून आम्ही ती रोवणीची समजतो. मळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाचा एक दिनार. नऊला पुन्हा जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला, जेव्हा पऱ्हे संपत आलेले आणि चिखलात उभं राहून बायकांच्या कमरा गेलेल्या. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार. सकाळचे भडकतात. आमच्या मंडळीत चार एकर धानवाले एक काका आहेत. हा शास्त्रपाठ आला की ते उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठतातच. 'साहेब, देवाच्या मळ्यात ठीक आहे. पण आमच्याकडे असा मालक निघाला तर दुसऱ्या वर्षी सकाळी एक बाई यायची नाही. सगळ्या पाचलेच येतील.' यावर पाळकसाहेबांचं उत्तर दरवर्षी तेच: 'काका, तुम्ही पाच वाजताचे आहात असं समजून वाचा.' आणि काकांचंही तेच: 'मी कसा पाचचा? माझा बाप्तिस्मा लहानपणीचा आहे.'

मला मात्र त्या गोष्टीत मालकाच्या उदारपणाहून त्याच्या रांगेचं नवल वाटतं. तो मुकादमाला बजावून सांगतो की पैसे द्यायला शेवटच्यांपासून सुरुवात कर. का? सकाळच्यांना आधी दिनार देऊन वाटेला लावलं असतं तर ते 'ठरल्याप्रमाणे मिळालं, मालक चांगला आहे' म्हणत घरी गेले असते. त्यांना काहीच कमी मिळालं नव्हतं. पाचवाल्याच्या हातावर दिनार पडताना त्यांनी बघितला, आणि त्या क्षणी त्यांचा स्वतःचा दिनार लहान झाला. रेल्वेत दर वेतन आयोगाला मी हे पाहिलं आहे. ज्याचा पगार वाढला तो आठवडाभर खूश असतो, म्हणजे ज्येष्ठता यादी भिंतीवर लागेपर्यंत. मग तीस वर्षं बायबल न उघडलेला माणूसही चष्मा लावून ती यादी ओळ न ओळ वाचतो. आता तर भिंतीची गरज उरली नाही. सगळे दिवसभर मोबाईलवर त्याच रांगेत उभे आहेत, आणि दुसऱ्याच्या हातावर काय पडतंय ते सकाळी डोळे उघडल्या उघडल्या दिसतं. मालकाने मुद्दाम तशी रांग लावली असावी. जो राग पोटात होता तो बाहेर यावा, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून. तो त्यांना हाकलत नाही. 'मित्रा' म्हणून बोलतो आणि विचारतो, मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यात का खुपतं?

यावरचं औषध म्हणून मला जे सापडलं ते प्रवचनात नाही, न्याहारीत आहे. तेही योहानाच्याच शेवटच्या अध्यायात. शिष्य रात्रभर तलावात जाळी टाकून रिकामे राहिलेत. पहाटे काठावरचा माणूस सांगतो, उजवीकडे टाका. जाळं भरतं. मासे १५३ निघतात. म्हणजे मेलेला गुरू काठावर जिवंत उभा असताना कोणीतरी बसून ते मोजले! नवेगाव बांधकडच्या ढिवरांना यात काही विचित्र वाटणार नाही, सोसायटीचा हिशोब द्यावा लागतो. मग कोळशावर मासे, भाकरी. खाऊन झाल्यावर येशू पेत्राला बाजूला घेतो. ज्याने कोंबडं आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली, त्याला तीनदा विचारतो, तीनदा काम सोपवतो. यापेक्षा मोठी माफी माणसाला काय मिळणार? आणि पेत्र काय करतो? मागे वळतो, योहान येताना दिसतो, आणि विचारतो: प्रभू, आणि ह्याचं काय?

झालं. सगळी माफी दोन मिनिटं टिकली.

येशू त्याला जे म्हणाला त्याचा आशय असा की, त्याचं मी काहीही करीन, तुला काय करायचंय, तू आपला माझ्यामागे चल. यात पेत्राचा नंबर सांगितलेला नाही. तू योहानाच्या वर आहेस, काळजी नको, असंही नाही. खाली आहेस, मुकाट्याने राहा, असंही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे श्रद्धेने तुलना सुटते ती एवढीच. आपण लहान आहोत असं घोकून ती जात नाही. तसं घोकणाऱ्यांत पुन्हा अधिक लहान कोण याची चुरस लागते, ती आमच्याकडे प्रार्थनासभेत पाहायला मिळते. यादीच फाडली जाते असंही नाही. यादी असते. फक्त तुमच्याशी जो बोलतो आहे तो यादी वाचून बोलत नाही. एवढं कळलं की पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. मग मागून योहान येताना दिसतोच.

हे सगळं मी एकदा बायबल अभ्यासाच्या बैठकीत फार रंगवून सांगितलं. लोक मान डोलावत होते. मोठीमाय कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती बैठकीलासुद्धा सूप घेऊन येते. म्हणाली, 'त्या पेत्राचं काय चुकलं पण? जुना दोस्त होता. काळजीनं विचारलं असन.'

मी म्हटलं, 'मोठीमाय, प्रभूनेच त्याला म्हटलं ना, तुले काय करा लागते?'

'त्याले म्हटलं. तुले कोण म्हटलं?'

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही सुचलेलं नाही. कारण तिचा मुद्दा सोडून देता येत नाही. 'तुमच्या पोराचं काय झालं?' हा एकच प्रश्न. तो खुमखुमीने विचारला तर ऐकणाऱ्याचं जेवण उतरत नाही, आणि आस्थेने विचारला तर त्याला रडायला खांदा मिळतो. गोंदियात शेजाऱ्याचं काहीच विचारायचं नाही असा नियम केला तर निम्मं गाव मुकं होईल, आणि ज्याच्या घरात चूल पेटली नाही त्याचंही कोणाला कळणार नाही. ठेकेदाराला मिरच्यांवरून बोलणारी, कौलारू घरात कोणाच्या स्लॅबकडे न बघता राहणारी मोठीमाय गावातल्या प्रत्येक घराची खबर ठेवते: कोणाची शुगर वाढली, कोणाची पोरगी नागपूरला पेपर द्यायला गेली, कोणाच्या धानाचा बोनस अजून जमा झाला नाही. तिच्याकडे ही सगळी माहिती असते, पण त्यात ती स्वतः कुठेच नसते. मी तिच्या तोंडून 'आणि माह्यं बघ' असं कधी ऐकलं नाही. लोणचं सोडून. लोणच्याच्या बाबतीत मोठीमाय शौल राजाच्या वरताण आहे, आणि पाळकसाहेबांच्या मिसेसबाईंचं लोणचं चांगलं झालं असं तिच्यासमोर बोलायची मंडळीत कोणाची हिंमत नाही.

बैठक संपल्यावर ती सूप काखेला लावून दारात उभी होती. म्हणाली, 'काहून रे बाबू, तुह्या पार्सल ऑफिसातल्या त्या सायबाच्या पोराले पुण्याले किती भेटते?'

मी संधी सोडली नाही. 'मोठीमाय, तुले काय करा लागते?'

'मले करा लागते,' ती म्हणाली. 'बालाघाटची एक पोरगी आहे नर्सिंगवाली, तिच्यासाठी पाहून रायली. सांग लवकर, ऑटोवाला थांबला आहे.'

मी आकडा सांगितला. तिने तो बोटांवर मोजला, मुलीच्या पगाराशी ताडून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली की पोरीलेच जास्त आहे, पण पोरगा दारू पीत नसन तर चालन. मग ऑटोत बसता बसता मागे वळून विचारलं, 'पीत नाही ना? की साक्ष देते?'